सपाटीला घाबरणारा ट्रक

मी एक जुना ट्रक आहे आणि या क्षणी सपाट जमिनीवर उभा आहे. मित्रांनो, तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. तुम्ही रोज सपाट जमिनीवर उभे राहता आणि मनात आलं की तिथून निघूनही जाता. मला मात्र अर्ध्याहून जास्त आयुष्यात हे जमलेलं नाही. पोहता न येणाऱ्याला पाण्याची वाटते, तशी मला सपाटीची भीती वाटायची. लांबवर सरळ, समतल रस्ता दिसला की माझे टायर गार पडायचे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी सांगाडा, मग इंजिन, मग चाकं आणि सगळ्यात शेवटी हॉर्न. हॉर्न मिळाला तेव्हा मला वाटलं, झालं, आता आपल्याला बोलता येणार. तसं काही नव्हतं. हॉर्नमधून एकच शब्द निघतो आणि ऐकणारा त्याचा अर्थ आपापल्या स्वभावाप्रमाणे लावतो.

मला मामांनी घेतलं. ते खरे मामा एकाच भाचीचे, पण बाकीच्या रस्त्यानेही ते नातं परस्पर लावून घेतलं होतं. त्यामुळे त्यांच्या बायकोला सगळे मामी म्हणत आणि मीही म्हणत असे, अर्थात मनातल्या मनात. आमचा धंदा सामान हलवायचा. कपाटं, पलंग, शाळेची बाकं, दुकानांच्या पाट्या. एकदा आम्ही एका माणसाचं अख्खं घर हलवलं आणि तो माणूसच मागे राहिला. तो रिकाम्या घरात कोपऱ्यात बसला होता आणि आम्हाला तो फर्निचरपैकी काही वाटला नाही. संध्याकाळी तो चालत आला. रागावला नव्हता. म्हणाला, बऱ्याच दिवसांत इतकं शांत बसायला मिळालं नव्हतं.

मामांचा माझ्यावर फार जीव. दरवर्षी ते मला नवा रंग देत, तोही स्वतःच्या हाताने. रंगाऱ्याला जवळ फिरकू देत नसत. दारं, फळ्या, चाकांच्या वाट्या हे तर झालंच, पण ते माझ्या खाली आडवे होऊन तिथल्या पट्ट्या सोडवत, बोल्ट काढत, त्यांच्या खालीही ब्रश फिरवत आणि रंग वाळला की सगळं पुन्हा घट्ट आवळत. "दिसतं तिथे कुणीही रंग लावतं," ते म्हणायचे. मी रस्त्याने गेलो की लोक वळून बघत. मला तेव्हा फार अभिमान वाटे. आता तो अभिमान आठवला की माझी मलाच लाज वाटते.

मग एका सकाळी मामांनी किल्ली फिरवली आणि मी म्हणालो, "टक."

बाकी काहीच नाही. दिवे झगझगीत, हॉर्न खणखणीत, काच पुसायचे दांडे नाचत होते. इंजिन तेवढं हलेना. मित्रांनो, तुम्हाला कधी शिंक येता येता राहिली आहे का? नाक वर, डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि ती येतच नाही? ती शिंक माझ्या अंगात कित्येक वर्षं अडकून राहिली होती. रोज सकाळी किल्ली फिरे, सगळ्या अंगात काहीतरी उसळे, दाटे आणि टक. मी एका जागी उभा असलो तरी आतून सतत निघालेला असायचो.

मामांनी उपाय करायचे ते सगळे केले. बॅटरीवाला म्हणाला बॅटरी. स्टार्टरवाला म्हणाला स्टार्टर. किल्लीचा स्विच विकणाऱ्याने लांबूनच सांगितलं, स्विच. प्रत्येकाला माझ्यात आपापलं दुकान दिसलं. नवी बॅटरी आली, नवा स्विच आला. स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर, इतक्या वेळा उघडला की त्याची भीड चेपली. सुट्टा करून ठेवला की तो गरगर फिरून दाखवायचा, लोक टाळ्या द्यायचे, आणि माझ्यात बसवला की टक. एकाने मामांना सांगितलं, गाडीशी प्रेमाने बोलत जा. मामा बोलू लागले. घरातलं, रस्त्यावरचं, मनातलं. मी उत्तर दिलं असतं, पण हॉर्नचं बटण त्यांच्याच हातात होतं.

उताराचा शोध चुकून लागला. एकदा मी उतारावर उभा होतो, ब्रेक सैल झाला आणि मी आपला घरंगळू लागलो. मामांनी घाबरून दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, आणि फिरणाऱ्या चाकांनी इंजिनला धरून फिरवलं. मी चालू. ना किल्ली, ना स्टार्टर. मामा इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, आता उतारावरच राहायचं.

हे त्यांनी शब्दशः केलं. चढाच्या रस्त्यावर, अगदी वरच्या टोकाला घर भाड्याने घेतलं. त्या घरात काही हातातून पडलं की ते दारातून बाहेर, रस्त्याने खाली आणि थेट वळणावरच्या न्हाव्याच्या दुकानात जायचं. न्हावी संध्याकाळी दिवसभरातल्या वस्तू आणून द्यायचा. गिऱ्हाईकं उतारावरची. किराणा उतारावरचा. सपाट गल्लीत माणसांचा दवाखाना होता आणि उतारावर जनावरांचा, तर मामा खोकल्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले. बरेही झाले. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी आधी मुलाकडे नाही, रस्त्याकडे बघितलं. मुलगा चांगला निघाला हे नशीब. रस्ता उत्तम होता.

आणि मामी तो चढ रोज चढत होत्या.

त्या खालच्या बाजारातून पिशव्या घेऊन वर यायच्या. मी वरून बघायचो, दुसरं काम काय होतं मला. सुरुवातीला एका दमात यायच्या. मग झाडाशी थांबू लागल्या. मग झाडाशी आणि विजेच्या खांबाशी. मग न्हाव्याच्या बाकावर बसून, गुडघे चोळून, गिऱ्हाईकांच्या गप्पा ऐकून, अर्ध्या तासाने उठायच्या. शेवटी शेवटी तर न्हाव्याने त्यांच्यासाठी एक उशी ठेवली होती. मामा म्हणायचे, "न्हाव्याकडे तुझं बरं मन रमतं."

एके दिवशी मामींनी भाचीला फोन लावला. ही ती खरी भाची, मामांच्या बहिणीची मुलगी. सगळे तिला ठिणगी म्हणतात, कारण लहानपणी तिने रेडिओच्या पोटात चमचा घातला होता आणि रेडिओपेक्षा तीच जास्त वेळ बोलत राहिली होती. आता तिचं गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप आहे, शहराच्या सपाट टोकाला. मागे दोन खोल्या रिकाम्या होत्या.

"जिना आहे का गं?" मामींनी विचारलं.

"नाही."

"उंबरा?"

"आहे, पण काढते."

मग मामा आणि मामी यांचं एक बोलणं झालं. ते माझ्याच केबिनशेजारी झालं, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"सपाटीवर हा चालू होणार नाही," मामा म्हणाले. "आणि हा चालला नाही तर आपण खायचं काय? किल्लीने चालू झाला तर राहू तिथे. नाहीतर परत वर."

"नाहीतर तुम्ही परत वर," मामी म्हणाल्या. "मी उतरले ती उतरले."

मित्रांनो, कुणाच्या संसाराचा निकाल आपल्या एका शिंकेवर लागणार आहे हे कळल्यावर काय होतं, ते मी कसं सांगू? मी त्या रात्रभर थंड इंजिनाने थरथरत होतो. मामांना वाटलं वारा आहे.

ठिणगीच्या वर्कशॉपचं अंगण इतकं सपाट की पावसाचं पाणीसुद्धा कुठे जायचं ते न ठरवता तिथेच बसून राही. आम्ही सामान घेऊन सकाळी पोहोचलो. कपाट उतरलं, पलंग उतरला, भांडी, गाद्या, मामींची शिवणाची मशीन, सगळं उतरलं. मामा तेवढे उतरले नाहीत. आणि मी चालूच. जेवणाची वेळ झाली तरी मामा सीटवर, इंजिन धडधडतंय, खिडकीतून कुणीतरी चहा देतंय.

"मामा, बंद कर की आता," ठिणगी म्हणाली. "धुराने डोळे चुरचुरतायत."

"गरम होऊ दे जरा."

"सकाळपासून गरम होतोय. बॉनेटवर अंडं ठेवलं असतं तर एव्हाना पिल्लू आलं असतं."

"बंद केला तर परत कोण चालू करणार? तू?"

"हो, मग काय न्हावी?"

मामा हलले नाहीत. तेव्हा मामी दुसऱ्या दाराने वर चढल्या. गुडघ्यावर हात, पायरीवर एक पाय, मग थांबून दुसरा. येऊन मामांशेजारी बसल्या. मामांचा चेहरा एकदम खुलला. त्यांना वाटलं, ही परत जायला तयार झाली. त्यांनी गिअरवर हातही ठेवला.

आता हे सांगायला हवं की माझ्यासारख्या जुन्या ट्रकचं इंजिन किल्लीने बंद होत नाही. डॅशबोर्डखाली एक काळी मूठ असते. तिच्यामागे एक तार असते, ती इंजिनापर्यंत जाते. मूठ ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं.

मामींनी मामांच्या पुढून हात लांब केला आणि मूठ ओढली.

अंगणात इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातल्या कुकरचं बोलणंही ऐकू आलं.

"काय केलंस हे?" मामा म्हणाले.

"घर लावायला घेतलं."

मामांनी किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. मी जीव एकवटला होता, मित्रांनो, पण जीव एकवटून वीज येत नाही. मामा खाली उतरले, दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त वाईट.

"उद्या सकाळी सामानाचं भाडं आहे," ते ठिणगीला म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बघ. नाही झालं तर मी दुसरा ट्रक बोलावतो. दोरखंड बांधून ओढत नेऊ वर. मी तिकडे राहीन. ही राहू दे इथे."

 मामी केबिनमध्येच बसून राहिल्या. नजर समोरच्या दोन खोल्यांच्या दारावर. त्या दाराला उंबरा नव्हता. काढलेल्या जागी ओलं सिमेंट होतं.

ठिणगीने लगेच काही उघडलं नाही, हे मला आवडलं. मला उघडून घ्यायची सवय झाली असली तरी. तिने माझे मोठे दिवे लावले, भिंतीवर उजेड पाडला आणि म्हणाली, "मामी, तू सरक चालकाच्या सीटवर. मी सांगेन तेव्हा किल्ली फिरव."

"मला येतं का ते?"

"मामाला येतंय, म्हणजे अवघड नसणार."

टक. ठिणगी भिंतीवरच्या उजेडाकडे बघत होती. "दिवे मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी धडधाकट आहे. स्टार्टर तिच्याकडे वीज मागत असता तर दिवे मिणमिणले असते. इथे कुणी मागतच नाहीये."

"नवी आहे बॅटरी," मामा म्हणाले. "चौथी नवी."

तिने मीटर आणलं. बॅटरीवर टेकवलं, ठीक. स्टार्टरला जाणाऱ्या जाड तारेवर टेकवलं, तिथेही वीज पूर्ण पोहोचत होती. ठिणगीने मान खाजवली. "मग स्टार्टरच असणार," ती म्हणाली आणि पाना घेऊन माझ्या खाली सरकली. माझा धीर सुटला. पुन्हा स्टार्टर. पुन्हा तो जमिनीवर फिरून दाखवणार, पुन्हा टाळ्या, आणि संध्याकाळी दोरखंड. "काढण्याआधी शेवटचं एकदा फिरव गं मामी," खालून आवाज आला. "धरून ठेव जरा."

मामींनी किल्ली फिरवून धरली. टक. डावा हात त्यांनी आधाराला काळ्या मुठीवर ठेवला होता. तो त्यांनी झटकन मागे घेतला.

"अगं, ही मूठ भाजतेय."

"ती भाजतेच," मामा बाहेरून म्हणाले. "तिची ती खासियत आहे. थंडीत सकाळी मी किल्ली चारपाच वेळा मारतो आणि मग तिच्यावर हात शेकतो. मगच ब्रेक सोडतो. दुसऱ्या कुठल्या ट्रकला नाही ही सोय."

माझ्या खालचा पाना थांबला. ठिणगी पाठीवर सरकत बाहेर आली. तिच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"मामा, ही मूठ कशाची?"

"डिझेल बंद करायची."

"तिचा विजेशी काही संबंध?"

"काही नाही."

"मग ती गरम का होते?"

मामांनी बराच विचार केला. "स्वभाव," ते म्हणाले.

ठिणगी हसली नाही. ती पळतच आत गेली आणि मनगटाएवढी नाही पण अंगठ्याएवढी जाड केबल घेऊन आली. एक टोक तिने बॅटरीच्या वजा चिन्हाच्या खुंटीला लावलं आणि दुसरं थेट माझ्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "गिअर मोकळा आहे ना? मूठ आत ढकल, मामी. फिरव."

मामींनी फिरवली.

मित्रांनो, मी शिंकलो. इतक्या वर्षांची शिंक एका दमात बाहेर पडली. धूर निघाला, खिडक्या थरथरल्या, छपरावरची कबुतरं उडाली. मी कुठेही घरंगळत नव्हतो, कुणी ढकलत नव्हतं, मी आहे तिथे उभा होतो आणि चालू होतो. मामींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ट्रक चालू केला होता आणि आता उतरावं की कुठेतरी जावं हे त्यांना कळेना.

मूठ ओढून मला थांबवल्यावर ठिणगीने सगळं समजावलं. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही यावं लागतं. जायला जाड तार असते, आणि परत यायला आमचं लोखंडी अंगच रस्ता असतं. पण इंजिन रबराच्या पायांवर बसवलेलं असतं आणि रबर वीज जाऊ देत नाही. म्हणून इंजिनापासून सांगाड्यापर्यंत एक चपटी, विणलेली पट्टी बोल्टने आवळलेली असते. परतीचा हमरस्ता तोच. माझ्यात तो बंद होता. मग वीज बिचारी मिळेल त्या बोळाने घरी येत होती, म्हणजे मुठीच्या त्या बारीक तारेतून, चेंगरत, तापत. स्टार्टर फिरवण्याइतकी वीज त्या बोळात मावेना.

"बंद कशाने झाला पण?" मामा म्हणाले. "पट्टी तर मी स्वतः दरवर्षी आवळतो."

ठिणगीने बॅटरीची तार सोडली आणि मग ती पट्टी काढली. तिच्या खालचा सांगाडा तिने पत्र्याच्या धारेने खरवडला. पिवळा रंग निघाला. त्याखालून निळा. निळ्याखालून हिरवा.

"हा जावई आला त्या वर्षीचा," मामा वाकून म्हणाले. हिरव्याखाली जांभळा होता. "हा कुणालाच आवडला नव्हता." जांभळ्याखाली केशरी, आणि मग लाल. मामांचा आवाज खाली खाली गेला. "हा पहिला. आपण वर राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी. मी एकही जागा सोडली नव्हती गं."

"तेच झालं, मामा. रंगातून वीज जात नाही."

 मामी केबिनमधून उतरल्या, पायरीवर थांबत. त्या येऊन त्या रंगांच्या थरांकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या बोलतील, आणि बोलल्या असत्या तर कुणाला अडवता आलं नसतं. ते झाड, तो खांब, ती उशी, सगळं त्यांच्या तोंडावर आलं होतं.

"म्हणजे तो चढ," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग ठिणगीला म्हणाल्या, "पॉलिश पेपर आहे का गं?"

त्यांनी पेपर घेतला, एक डबा पालथा घालून त्यावर बसल्या आणि उरलेला रंग स्वतः घासू लागल्या.

"बोटं सोलतील," मामा म्हणाले.

"सोलू देत."

त्या घासत राहिल्या. मामा शेजारी उकिडवे बसून राहिले, हातात काहीच काम नाही असे. खालून चकचकीत लोखंड दिसायला लागलं. तो पहिला लाल रंग लागल्यापासून माझ्या त्या जागेला हवा लागली नव्हती. गार वाटलं.

बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, "खोल्यांना खिडक्या किती आहेत?"

"तीन," ठिणगी म्हणाली.

"हिला कुठली आवडतेय विचार."

"मी इथेच बसलेय," मामी म्हणाल्या. "उजेडाची. आणि तिला रंग मी देणार."

पट्टी उघड्या लोखंडावर बसली, वरून ग्रीस लागलं, बोल्ट आवळला. मामांनी किल्ली फिरवली. मी चालू झालो. त्यांनी मूठ ओढली, पुन्हा फिरवली, मी पुन्हा चालू. असं ते शेजारच्या आजींनी खिडकी लावून घेईपर्यंत करत राहिले. मूठ गार होती. मामा तिला दर वेळी हात लावून बघायचे आणि जरा नाराज व्हायचे.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, मग ते माणूस असो, जनावर असो की माझ्यासारखा धूर सोडणारा ट्रक असो, त्याला सजवण्याआधी त्याचं कुठे अडलंय ते बघा. एखादी जागा उघडी राहू द्या, तिथूनच सगळं ये-जा करत असतं. आणि तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं काही न बोलता चढ चढत असेल, तर त्याला उशी देऊ नका. आधी विचारा की तो चढ कशासाठी आहे. उत्तर कुणालाच येत नसेल, तर पाना घ्या आणि खाली सरका.

मामा आले. आज पलीकडच्या शाळेची बाकं न्यायची आहेत, रस्ता सगळा सपाट आहे. मामी खिडकीपाशी शिवत बसल्या आहेत. किल्ली लागली. सरका जरा मित्रांनो, मी निघतो.